काकू, त्या सोमवारबद्दल

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

काकू, फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही विषय बदलता. "बाबांची तब्येत कशी आहे" विचारता आणि उत्तर पुरतं व्हायच्या आत "तू जेवलीस का" वर येता. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय. ज्यांच्याकडे म्हातारे आईवडील, सासूसासरे परदेशी येऊन राहतात, अशा घरांतल्या लोकांनी ते वाचावं असं मनापासून वाटतं. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही.

२०२१चा जून होता. कॅनडातल्या व्हँकुव्हरला लागून असलेलं आमचं बर्नबी म्हणजे बाराही महिने स्वेटर हाताशी ठेवायचं गाव. जूनमध्ये दुपारी वीस-बावीस अंश, संध्याकाळी समुद्रावरून गार वारा. आमची इमारत जुनी, लाकडी सांगाड्याची, थंडीशी लढायला बांधलेली. आतली ऊब बाहेर जाऊ नये हीच तिची सगळी हुशारी. पश्चिमेला मोठमोठ्या काचा, आणि खिडक्या उघडतात त्या जेमतेम वीतभर. प्रत्येक खोलीत हीटर, पण छताला पंखा एकही नाही. बाबा आदल्या वर्षी साताऱ्याहून काही महिन्यांसाठी म्हणून आले आणि कोविडमुळे इथेच राहिले. त्या एप्रिलमध्ये तर भारताशी थेट विमानसेवाही थांबली. तुम्ही तळमजल्यावर मुलाकडे तशाच अडकलेल्या. लिफ्टमध्ये भेटलो की मास्कच्या आडून दोन शब्द व्हायचे, तेवढीच आपली ओळख. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात तुम्ही सिस्टर होतात, हेही तेव्हा मला उडत उडतच माहीत होतं.

शुक्रवारी, २५ तारखेला, उष्णतेची लाट येतेय या हवामान खात्याच्या इशाऱ्याची बातमी सगळीकडे होती. आमच्या मजल्यावर सणासारखा उत्साह होता. कुणी तळ्यावर निघालं होतं, कुणी समुद्रावर. इथल्या माणसाला ऊन म्हणजे सुट्टी. त्याच संध्याकाळी तुम्ही आमचं दार वाजवलंत, घरभर फिरून बघितलंत आणि म्हणालात, "हे चाळीस आपल्या अकोल्याचं चाळीस नाही, पोरी. आपल्याकडे मार्चपासून अंग हळूहळू तयार होते. इथं काल स्वेटर होतं."

ते वाक्य मी नंतर कितीतरी लोकांना सांगितलंय. उन्हाला सरावायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून जाणारं मीठ कमी होतं, रक्ताभिसरण जुळवून घेतं. अकोल्याला मे महिन्यात पंचेचाळीस अंश म्हणजे कुणी बातमीही करत नाही, कारण माणूस, घर, बाजाराच्या वेळा, सगळंच तोवर उन्हाळ्याचं झालेलं असतं. दुपारी रस्ते ओस पडतात, कूलरमध्ये पाणी भरलेलं असतं, दारात माठ असतो. बर्नबीत वीसवरून चाळिशीजवळ जायला चार-पाच दिवस पुरले, आणि कशाचीच तयारी नव्हती, अंगाचीही नाही आणि भिंतींचीही नाही.

तुम्ही त्या संध्याकाळी जे जे सांगितलंत ते मी एका कागदावर उतरवून घेतलं होतं. तो कागद अजून फ्रिजवर आहे. पडदे नुसते आतून ओढून भागत नाही, काच तापली की खोली तापणारच. म्हणून ऊन यायच्या आत गॅलरीत काचेच्या बाहेरून पांढऱ्या चादरी बांधायच्या. सकाळी आठला खिडक्या बंद, रात्री बाहेरची हवा घरापेक्षा गार वाटली तरच उघडायच्या. बाबांची कॉट पश्चिमेच्या खोलीतून काढून मधल्या बोळात. टब पाण्याने भरून ठेवायचा. ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, पण घोट घोट, दिवसभर. मग तुम्ही बाबांच्या औषधांचा डबा मागितलात. एकेक पाकीट चष्म्याजवळ धरून वाचलंत. "ही लघवीची गोळी अंगातलं पाणी काढते. या उन्हात किती द्यायची ते डॉक्टरला आजच्या आज विचार. मनानं बंद करू नको, मनानं चालूही ठेवू नको." मी फोन केला, आणि डॉक्टरांनी डोस बदलून दिला.

शनिवारी दुकानांतले पंखे संपले. रविवारी रात्री घर गार झालंच नाही. इथे जूनअखेर सूर्य पहाटे पाचला उगवतो आणि रात्री नवाच्या पुढे मावळतो. सोळा तास तापलेल्या भिंतींना निवायला रात्र पुरत नाही. नंतर वाचलं की उच्च दाबाचा एक मोठा पट्टा आमच्या डोक्यावर येऊन कढईवरच्या झाकणासारखा बसला होता. वरची हवा खाली दाबली जाते, दाबली गेली की तापते, ढग बनू देत नाही, आणि समुद्रावरचा वारा आत येऊ शकत नाही. दक्षिणेला सिअ‍ॅटलमध्ये सोमवारी ४२ अंश झाले, पोर्टलंडमध्ये साडेसेहेचाळीसच्या वर. ही शहरं पावसासाठी ओळखली जातात.

आता त्या सोमवारबद्दल.

दुपारी मी आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, नवरा कामावर गेलेला, बाबा बोळात खुर्चीवर बसलेले. तासाभरापूर्वी त्यांना ताक दिलं होतं. तुम्ही वर आलात, कारण तुम्ही रोज दुपारी येत होतात. मला तुमचा आवाज ऐकू आला, "भाऊसाहेब, नातवाचं नाव काय हो तुमच्या?" बाबांनी आपल्या वारलेल्या भावाचं नाव सांगितलं. पुढे काहीतरी बोलले, पण शब्द जड झाले होते. मी बाहेर आले तोवर तुम्ही त्यांच्या सदऱ्यात हात घालून छाती बघत होतात. "अंग भाजते आहे आणि घाम नाही. ऊन लागलंय. ॲम्ब्युलन्सला फोन लाव आणि फोन कानाला ठेवूनच काम कर."

फोन लागायला वेळ लागला, आणि लागल्यावर समजलं की गाडी यायलाही वेळ लागेल. अख्ख्या शहरात त्या दुपारी तीच स्थिती होती. तुम्ही ते ऐकलंत आणि मान हलवलीत, बस. बाबांना खाली फरशीवर निजवलंत, सदरा-बनियन काढलंत, टबात बुडवलेली चादर अंगावर टाकलीत. मानेला, काखेत, जांघेत ओले पंचे. तुमच्या घरचा टेबलफॅन मुलाला फोन करून वर मागवलात आणि थेट ओल्या अंगावर सोडलात. चादर कोमट झाली की पुन्हा टबात. मी घाबरून पाण्याचा पेला घेऊन आले तेव्हा तुम्ही माझा हात धरलात: "शुद्ध नाही तोवर तोंडात पाणी नको, श्वासात जाईल." बर्फ होता, तोही तुम्ही फडक्यात गुंडाळूनच लावू दिलात. त्या सगळ्या वेळात तुमचा आवाज एकदाही चढला नाही. मला तुम्ही सतत छोटी छोटी कामं सांगत राहिलात, चादर पिळ, पंचा बदल, दाराला वीट लाव म्हणजे गाडीवाल्यांना थांबावं लागणार नाही. मी रडू नये म्हणून सांगत होतात, हे मला रात्री कळलं.

बऱ्याच वेळाने बाबांनी डोळे उघडले आणि तुम्हाला बघून पंचा अंगावर ओढून घेतला. तुम्ही म्हणालात, "लाज आली म्हणजे शुद्ध आली." मग पुन्हा नातवाचं नाव विचारलंत, आणि त्यांनी बरोबर सांगितलं.

रुग्णवाहिका आली, त्यांना नेलं, रात्रभर ठेवून घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं की घरी आधी काय केलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड केलं म्हणून मेंदू आणि मूत्रपिंडं वाचली. काकू, हे मी तुम्हाला त्याच रात्री सांगायला आले होते. पण तुम्ही घरात नव्हतात.

तुम्ही तिसऱ्या मजल्यावर होतात. बाबांना नेल्यावर तुम्ही घरी जाऊन आडव्या झाला असाल असं मी धरून चालले होते. तुम्ही तर वरच्या मजल्यापासून एकेक दार वाजवायला सुरुवात केली होतीत. तुमचं इंग्रजी मोजकंच. दार उघडलं की "वॉटर? ओके?" एवढं विचारायचं आणि माणसाच्या चेहऱ्याकडे नीट बघायचं. कोपऱ्यातल्या घरात ती एकटी राहणारी आजी होती, जिच्याशी आम्ही इतकी वर्षं फक्त हवापाण्याचं बोलत आलो होतो. तिने दार उघडून हसून सांगितलं की ती अगदी बरी आहे. तुम्ही तिच्या मागे डोकावून बघितलंत: खिडक्या उघडतील तेवढ्या उघड्या, पंखा गरम हवा फिरवतोय, आणि तिच्या ओठांना भेगा. तुम्ही तिचा हात धरून तिला खाली आपल्या घरी घेऊन आलात. तळमजला चार-पाच अंशांनी तरी गार होता. ती रात्र तिने तुमच्या सोफ्यावर काढली, पाय गार पाण्याच्या घमेल्यात ठेवून. तिसऱ्या दिवशी हवा उतरेपर्यंत तुम्ही तिला वर जाऊ दिलं नाहीत.

हे मी विस्ताराने लिहितेय याला कारण आहे. मंगळवारी, २९ जूनला, आमच्यापासून गाडीने तीनेक तासांवरच्या लिटन गावात ४९.६ अंश नोंदले गेले. कॅनडात त्याआधीचा उच्चांक ४५ अंशांचा होता, तोही १९३७चा. दुसऱ्या दिवशी लिटनला आग लागली आणि गाव जवळजवळ सगळं जळून गेलं. ते जगाने बघितलं, कारण आग दिसते. पण आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात त्या आठवड्यात उष्णतेने गेलेल्या माणसांची संख्या, अचानक झालेल्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कोरोनर विभागाने पुढच्या वर्षी जाहीर केली: ६१९. त्यातले ९८ टक्के घराच्या आत गेले. दोन-तृतीयांश सत्तरी ओलांडलेले. निम्म्याहून अधिक एकटे राहणारे. उन्हात कुणी फिरत नव्हतं. आपल्याच खोलीत, आपल्याच खुर्चीत, "मी बरी आहे" म्हणणारी माणसं होती ती. तो अहवाल वाचताना प्रत्येक ओळीत मला कोपऱ्यातल्या घरातली आजी दिसत होती, आणि आमचे बाबाही.

शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने काही दिवसांतच हिशेब मांडला होता, की माणसाने वाढवलेल्या तापमानाशिवाय अशी लाट जवळपास अशक्यच होती. मला तो हिशेब पटतो, आणि म्हणूनच भीती वाटते. यंत्रणांनी खूप करायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. थोडं झालंही. २०२४पासून या प्रांतात नव्या घरांत निदान एक खोली २६ अंशांच्या वर तापणार नाही अशी बांधणं बंधनकारक झालंय. पण आमच्यासारख्या जुन्या इमारती तशाच उभ्या आहेत, आणि त्यांत एकटी माणसं राहताहेत. तिथे कुणीतरी दार वाजवून चेहरा बघावा लागतो. तुम्ही ते न सांगता केलंत, परक्या देशात, भाषा येत नसताना, स्वतःची सत्तरी जवळ आलेली असताना. बाबांसाठी मी तुमची ऋणी आहेच. त्या बाकीच्या दारांसाठी जास्त आहे.

लाट ओसरल्यावर आपण समुद्रावर गेलो होतो, आठवतं? खडकांवरचे शिंपले उघडे पडून सडलेले, आणि वास किनाऱ्यावरून रस्त्यापर्यंत. इथल्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांचा अंदाज होता की आमच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत शंभर कोटींहून अधिक समुद्री जीव मेले. तुम्ही बराच वेळ खडकापाशी उभ्या होतात. "यांना कोण ओली चादर टाकणार होतं," म्हणालात, आणि परत येताना गाडीत एक शब्दही बोलला नाहीत.

आता इकडची खबर. इमारतीत आम्ही एक यादी केली आहे. पारा तिशीच्या वर जाणार असं कळलं की प्रत्येक एकट्या माणसाकडे दिवसातून दोनदा कोण जाणार, हे ठरलेलं असतं. तुमच्या सूचनांच्या कागदाचं इंग्रजी आणि पंजाबी करून खाली नोटीसफलकावर लावलंय. कोपऱ्यातली आजी अजून आहे, एकटीच आहे, आणि उन्हाळ्यात स्वतःच खाली येऊन बसते. ती तुमची चौकशी करते, तुम्हाला "माय नर्स" म्हणते. बाबा साताऱ्याला आहेत, सकाळी फिरायला जातात. लघवीच्या गोळीचं पाकीट मात्र दर उन्हाळ्यात डॉक्टरांपुढे ठेवतात आणि तुमचं नाव सांगतात. तुम्हाला लिहिताना त्यांचा नमस्कार कळवायला त्यांनी बजावलंय.

आणि एक विनंती. अकोल्यात तुम्ही एकट्या राहता. तुमच्या शेजारच्या वहिनींचा नंबर मला हवा आहे. एप्रिल लागला की मी त्यांना रोज दुपारी फोन करून तुमचं दार वाजवायला सांगणार आहे. नाही म्हणू नका.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची सूनबाई
बर्नबी