आठ दिवसांत बुजवणार होतात तो चर: मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून आधी मुद्दाच सांगते. पुण्यात विद्यापीठ चौकाजवळ पदपथावर केबलसाठी चर खणला होता. तो तीन महिने उघडाच आहे. 'आठ दिवसांत बुजवतो' असं आम्हा फिरायला जाणाऱ्यांना बैठकीत सर्वांसमक्ष सांगितलं गेलं. शब्द कुणी दिला, त्यांचं नाव इथे घेत नाही. गेल्या मंगळवारी पहाटे पावणेसहाला मी त्या चरात पडले आणि उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. हे पत्र डाव्या हाताच्या एका बोटाने फोनवर लिहिते आहे. चुका पदरात घ्या.

माझं वय ६६. यजमानांची बायपास झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चाला. तेव्हापासून आम्ही दोघं भोसलेनगरहून निघून, चौक ओलांडून, चतुःशृंगीच्या पायऱ्या चढून टेकडीवर जायचो. जमलं तर पुढे वेताळ टेकडीपर्यंत. यजमान जाऊन चार वर्षं झाली. चालणं मी सोडलं नाही, कारण त्या वाटेवरच ते मला अजून भेटतात. फेब्रुवारीत गणेराच्या निष्पर्ण फांद्यांवर पिवळीधमक फुलं येतात, ती आधी त्यांना दिसायची. पावसाच्या तोंडावर झुडपातून नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ येते. ती ऐकू आली की ते माझा हात धरून थांबायचे. तोच हात आता प्लास्टरमध्ये आहे.

वेणी घालता येत नाही. परकराची नाडी बांधायला सून लागते. तिला ऑफिसला उशीर होतो, ती काही बोलत नाही, आणि त्याचंच मला जास्त लागतं. कणीक मळणं बंद. टेकडी बंद झाल्यापासून साखर वाढली आहे. रात्री हात ठणकतो आणि मी छताकडे बघत पडून असते. यातलं कुठल्या फायलीत येतं का?

पडल्यावर तीन ठिकाणी फोन केले. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर: 'ते आमच्याकडे येत नाही.' खणणारे वेगळे, बुजवणारे वेगळे, दिव्याचे वेगळे. मग पडणारी माणसं तेवढी कुणाचीच नाहीत का? आदल्याच महिन्यात मी शिलाईची टेप घेऊन पदपथ मोजला होता. खांब, विजेच्या डीपीची पेटी आणि चर सोडून चालायला ७० सेंटिमीटर उरले होते. चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, असं रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं. पुण्याने तर २०१६ साली पादचारी धोरणही केलं. ते कागदावर आहे, मी चरात होते.

आणि आता सांगतेच. या चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला. मेट्रो आणि नवा पूल यांसाठी रस्ता रुंद झाला, गणेशखिंड रस्त्यावरची जुनी झाडं गेली. मेट्रोला माझा विरोध नाही, पण प्रत्येक वेळी मागे सरायचं ते चालणाऱ्यानेच का? विद्यापीठाच्या सुमारे ४११ एकरांत आणि वरच्या टेकडीवर या भागाचा श्वास आहे. त्या टेकडीलाही तुम्ही सोडत नाही. बालभारती ते पौड फाटा रस्ता तिच्या अंगावरून न्यायचा घाट आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये हजारो माणसं त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली, त्यांत मीही होते, गुडघे दुखत असताना. महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरांचं जैवविविधता उद्यान राखायचं ठरलं, तेही वर्षानुवर्षं नकाशातच. पावसाचं पाणी मुरवणाऱ्या टेकड्या फोडायच्या आणि उन्हाळ्यात टँकर मोजायचे, हा कुठला कारभार? गाडीवाल्याची दोन मिनिटं वाचावीत म्हणून कोट्यवधींचा रस्ता निघतो. माझ्या चरावर टाकायला दोन पाट्या खडी निघत नाही.

मागणं मोठं नाही. चर बुजवा. चौकापासून चतुःशृंगीपर्यंत पदपथ सलग करा, दिवे पहाटे सहापर्यंत चालू ठेवा. टेकडीवर रस्ता होणार नाही, हे लेखी द्या. तोंडी शब्दाचं काय होतं ते माझ्या मनगटाने पाहिलं आहे.

प्लास्टर सहा आठवड्यांनी निघेल. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच वाटेने निघणार आहे. त्याआधी उत्तर पाठवा, आणि त्यात काम कधी होणार ती तारीख घाला.

आपली,
एक सेवानिवृत्त शिक्षिका
भोसलेनगर, पुणे