डायल रंगवायला देण्याआधी जवळून फोटो काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या घड्याळांवरचा लेख आवडला, पण क्लोजअपसाठी महागडी मॅक्रो लेन्सच लागते हे काही पटलं नाही म्हणून लिहितोय. साधी ५० एमएमची लेन्स असेल तर एक्स्टेन्शन ट्यूबवर मस्त काम होतं. ट्यूब म्हणजे आत काच नसलेली पोकळ रिंग, कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसते, लेन्स सेन्सरपासून (म्हणजे कॅमेऱ्यात जिथे चित्र उमटतं तिथून) लांब गेली की अगदी जवळचं फोकस होतं. ३६ एमएमची ट्यूब लावली की घड्याळ सेन्सरवर खऱ्या मापाच्या जवळपास पाऊणपट उमटतं. फक्त कॉन्टॅक्टवालीच घ्या, नाहीतर कॅमेऱ्यावरून अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, बदलता येत नाही.

अडचणी आहेतच. उजेड कमी पडतो, ट्रायपॉड आणि टायमर पाहिजेच, आणि फोकस इतका पातळ की काटा क्लिअर आला तर त्याच्याखालचे आकडे धूसर, मग फोकस थोडा थोडा सरकवत आठ-दहा फोटो काढून ते कॉम्प्युटरवर जोडायचे. काचेवरची चमक मात्र दिव्यासमोर बटर पेपर धरला की बरीच जाते.

एवढा खटाटोप कशाला, तर माझ्या वडिलांचं चावीचं एचएमटी जनता घड्याळ होतं, देवनागरी आकड्यांचं. मी ते दुरुस्तीला दिलं तेव्हा दुकानदार म्हणाला डायल नवीन करून देतो आणि मी हो म्हणालो. परत आलं ते चकचकीत, पण नंतर ट्यूब लावून बघितलं तर आकडे जाड, मिनिटांच्या रेघा वाकड्या, एक तर कडेच्या बाहेरच गेलेली. नुसत्या डोळ्यांना यातलं काहीच दिसलं नव्हतं. आधीचा एकही फोटो नाही, त्यामुळे मूळ आकडे कसे होते ते आता मलाच आठवत नाही, याचं फार वाईट वाटतं. १९६१ पासून बंगळूरला बनलेली ही घड्याळं, २०१६ मधे केंद्राने ती बनवणारी एचएमटी वॉचेस कंपनी बंद करायला मंजुरी दिली, तशी डायल आता कोण छापून देणार?

म्हणून विनंती, पुरवणीत हेही छापा की डायल रंगवायला द्यायच्या आधी घरच्या घड्याळाचा जवळून एक फोटो काढून ठेवा. काकांचं जनता मी मागच्या महिन्यात असंच बघितलं. डाग सगळे काचेवरच्या ओरखड्यांचे निघाले, डायल चांगली होती. फक्त काच बदलली, डायलवरचा पाच आणि सहाच्या मधला बारीक तडा तसाच ठेवलाय.

आपला,
एक वाचक, पुणे