जाहिरातीत नसलेली जागा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शिक्षणविषयक पानावर गेल्या आठवड्यात एका विद्यापीठाच्या शैवाल प्रयोगशाळेतल्या संशोधन जागांबद्दल मजकूर आला होता. एक जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो), एक प्रकल्प सहायक आणि नमुने गोळा करायला एक मदतनीस. नेट किंवा गेट झालेल्या जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता. वय २८च्या आत. नेमणूक प्रकल्प असेपर्यंत, पुढे नोकरीवर हक्क सांगता येणार नाही, मुलाखतीला येण्याजाण्याचा खर्च मिळणार नाही. यावर माझी तक्रार नाही, अशा जाहिराती अशाच असतात. उलट २०२३च्या आधी हीच रक्कम ३१,००० होती, तेव्हा बरंच म्हणायचं. मला लिहायचं आहे ते त्या जाहिरातीत नसलेल्या चौथ्या जागेबद्दल, प्रयोगशाळेतली शैवालं जिवंत ठेवणाऱ्या माणसाच्या जागेबद्दल.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र विभागाची प्रयोगशाळा सहायक होते. शिक्षण बी.एस्सी.पर्यंत. माझ्या कामाच्या यादीत काचसामान, प्रॅक्टिकलची मांडणी, डेड स्टॉक रजिस्टर, परीक्षेच्या वेळी स्पॉटिंगच्या चिठ्ठ्या वगैरे सगळं होतं. शैवालाच्या नळ्या सांभाळायच्या, हे मात्र त्यात कुठेच नव्हतं. मी रुजू झाल्यावर तेव्हाच्या विभागप्रमुखांनी जिन्याखालच्या एका खोलीत नेलं. आत रॅकवर ट्यूबलाइटच्या उजेडात ओळीने टेस्टट्यूब, तोंडाला कापसाचे बोळे. त्यांच्या हातात लूप (टोकाला वळं असलेली तार) आणि स्पिरिटचा दिवा होता, तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “बाई, हे आता तुमचं.” झाली नेमणूक! निवृत्तीपर्यंत त्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती आणि त्या कामाचा एकही कागद कुठल्या फायलीत नाही.

काम काय असतं ते सांगते, कारण अर्ज करणाऱ्या मुलांनाही ते नीट ठाऊक नसतं असा माझा अनुभव आहे. शैवाल नळीत तिरप्या गोठवलेल्या आगारावर (जेलीसारख्या थरावर), म्हणजे स्लँटवर वाढवतात. आगार वाळत जातो, खाणं संपतं, म्हणून काही आठवड्यांनी, फार तर एकदोन महिन्यांनी, त्यातला कणभर नव्या नळीत न्यायचा. घरातल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. विरजण असंच चालतं आणि ज्या दिवशी कुणी पातेलं घासून ठेवलं त्या दिवशी ते संपतं. फरक एवढाच की विरजण शेजारून मागून आणता येतं.

प्रत्येकीचं खाणं, म्हणजे माध्यम, वेगळं. हिरव्या शैवालांना बोल्डचं माध्यम, नीलहरित, म्हणजे निळसर हिरव्या शैवालांना बीजी-११ नावाचं, लिटरला दीड ग्रॅम सोडियम नायट्रेट घालून. स्पिरुलिनाला झारूकचं माध्यम, त्यात लिटरला १६.८ ग्रॅम खायचा सोडा जातो. इतक्या अल्कधर्मी पाण्यात दुसरं फारसं काही तगत नाही, म्हणून ती सांभाळायला सगळ्यांत सोपी. क्लोरेला सोशिक, चार दिवस उशीर झाला तरी रुसत नाही. डायाटम मात्र नाठाळ. त्यांना सिलिका लागते आणि त्यांची पेशी म्हणजे काचेची डबी, एक झाकण मोठं, एक लहान. पेशी दुभंगली की दोन्ही पिल्लांना एकेक जुनं झाकण मिळतं आणि नवं नेहमी आतल्या मापाचं बनतं. त्यामुळे एका पिल्लाचा आकार तोच राहतो आणि दुसरं किंचित लहान होतं. असं पिढ्यान् पिढ्या चाललं की काही जाती नळीत बारीक होत होत मरून जातात, लैंगिक प्रजनन होऊन आकार परत मोठा झाला तरच वाचतात. हे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. कोणत्या नळीत पेशी आखडत चालल्यात हे पुस्तकात लिहिलेलं नसतं, ते त्या नळ्या रोज बघणाऱ्यालाच कळतं.

आणि शैवालाला दिवाळीची सुट्टी नसते. उन्हाळ्यात वीज गेली, एसी बंद पडला, बंद खोलीत ट्यूबा तापल्या की पंचवीस अंशांवर जपलेलं सगळं दोन दिवसांत पांढरं पडू शकतं. सुट्टीत मी शिपायाला फोन करून विचारायचे, “पहिला रॅक हिरवा आहे ना?” तो म्हणायचा, “आहे हो बाई, तुम्ही जेवा.”

त्या संग्रहात माझ्या सर्वांत आवडीच्या नळ्या नीलहरित शैवालांच्या होत्या. ती हिंजवडीपलीकडच्या माण भागातल्या भातखाचरांतून आमच्या सरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेगळी केलेली होती, तिथे आज इमारती आहेत. पी. के. डे या संशोधकांनी १९३९ मध्ये दाखवून दिलं होतं की भातखाचरातला नायट्रोजन टिकवण्यात या नीलहरित शैवालांचा मोठा वाटा असतो. आमच्या नळ्यांतली नॉस्टॉक ही नीलहरित शैवाल नायट्रेट अजिबात न घातलेल्या बीजी-११ मध्येसुद्धा वाढायची, हवेतला नायट्रोजन घेऊन. विद्यार्थ्यांना मी ती नळी आधी दाखवायची. बोळा काढला की मातीचा वास यायचा. नीलहरितांतल्या काही जाती जिओस्मिन तयार करतात, पहिल्या पावसात मातीला येणाऱ्या वासातलं द्रव्य तेच.

मी निवृत्त झाल्यावर माझं पद भरलं गेलं नाही. शिक्षकेतर भरती किती वर्षं अडकून पडली आहे हे महाविद्यालयांत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, त्यावर वेगळं लिहिण्याची गरज नाही. किल्ली एका कंत्राटी मुलाकडे गेली. त्याचा करार अकरा महिन्यांचा होता, तो संपला. नंतर तिथे एक पीएच.डी.ची मुलगी थोडे दिवस बघत होती, तिचा प्रबंध सादर झाला, ती गेली. दोष कुणाचाच नाही. पुढे एकदा मी सहज गेले तर खोलीत झेरॉक्सचं मशीन आलं होतं. रॅकचं काय झालं ते विचारलं तर कुणाला सांगता आलं नाही. माणची भातखाचरं गेली आणि त्यांतली नॉस्टॉकही गेली. आता कुणी संशोधक म्हणाला की जुन्या मुळशी पट्ट्यातले नमुने तपासायचे आहेत, तर तपासायला काही नाही.

आता प्रकल्पाच्या जागांकडे वळते. एक नवीन शैवाल पाण्यातून वेगळं करून, त्यात दुसरी जात नाही, जिवाणू नाहीत, बुरशी नाही अशी शुद्ध नळी बनवायला महिने लागतात. प्लेटवर रेघा ओढायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पिपेटने एकेक पेशी उचलायची, पुन्हा रेघा, पुन्हा बघायचं. प्रकल्प मंजूर झाला की आधी निविदा, मग उपकरणं, मग युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे खर्च झाल्याचा दाखला) गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. यात पहिलं वर्ष निघून जातं. मुलगा किंवा मुलगी हातात कौशल्य येईपर्यंत दुसऱ्या वर्षात पोचते आणि मग तिसऱ्या वर्षी तिला पेपर लिहायचे असतात. तिने वेगळ्या केलेल्या नळ्या फ्रिजवर राहतात, नाव पेन्सिलने लिहिलेलं असतं. पुढच्या प्रकल्पाला पुढचा विषय असतो. पैसे शैवालाच्या अभ्यासासाठी येतात, शैवाल जिवंत राहण्यासाठी कुणाच्याच अंदाजपत्रकात रकाना नाही.

हे किती महत्त्वाचं, असं कुणी विचारेल म्हणून दोन उदाहरणं. हॉलंडमध्ये डेल्फ्टला बायरिंक नावाच्या शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये क्लोरेला वेगळी केली. तिचीच वंशावळ जर्मनीत गटिंगनच्या संग्रहात अजून जिवंत आहे. इतकी वर्षं पुन्हा पुन्हा कुणीतरी ती नव्या नळीत नेली, मधे दोन महायुद्धं झाली तरी. प्रिंग्सहाइम नावाचे प्राध्यापक नाझींमुळे १९३८ मध्ये प्राग सोडून इंग्लंडला गेले, तेव्हा शैवालाच्या नळ्या बरोबर नेल्या. त्यांतून केंब्रिजचा संग्रह उभा राहिला, जो आता स्कॉटलंडमध्ये ओबनला आहे. १९५३ मध्ये ते जर्मनीत परतले आणि गटिंगनचा संग्रह सुरू झाला. सामानात काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे त्या माणसाला कळत होतं.

दुसरं उदाहरण ताजं आहे. क्लॅमिडोमोनास हे एकपेशी शैवाल प्रकाश ओळखून पोहत जातं. त्याच्यातल्या प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनांवर काम करणाऱ्या एका गटाने शंभराहून अधिक जातींच्या शैवालांत अशी प्रथिनं शोधली. त्यांतल्या बऱ्याच नळ्या अशाच जुन्या संग्रहांतून आलेल्या. त्यात एका फारशा कुणी न विचारलेल्या क्लॅमिडोमोनासचं प्रथिन लाल-पिवळ्या उजेडाला प्रतिसाद देतं असं निघालं. ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि २०२१ मध्ये त्यावर बेतलेल्या उपचाराने अंध झालेल्या एका गृहस्थाला खास चष्मा लावून टेबलावरची वस्तू दिसू लागली, म्हणजे कुठे आहे एवढं कळू लागलं. ज्याने ती नळी वर्षानुवर्षं जपली, त्याला तिच्यातून काय निघणार आहे याची कल्पनाही नसेल. संग्रह उपयोगाचा आहे का, असा प्रश्न मीटिंगमध्ये विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

घरच्या कामाचं सांगायचं तर मुळा-मुठेवर पुण्यात भाषणं कमी नाहीत. नदीत सांडपाणी किती मिसळतंय हे शैवालावरून ओळखायची पामर यांची १९६९ची पद्धत अजून वापरतात. ऑसिलेटोरिया आणि युग्लिना दिसली तर प्रत्येकी पाच गुण, क्लॅमिडोमोनास, सिनेडेस्मस यांना चार, आणि एकूण वीस किंवा त्याहून जास्त झाले की सेंद्रिय प्रदूषण जोरात. पण ऑसिलेटोरिया कोणती आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी कोणती, हे ओळखायला मुलांनी जिवंत नळीतून आधी बघितलेलं असावं लागतं. चित्रावरून ओळखणारे मी खूप पाहिले, त्यांचे गुण नेहमीच चुकतात.

तेव्हा माझी विद्यापीठांना एवढीच मागणी आहे: शैवाल प्रयोगशाळेत संग्रह सांभाळणाऱ्या माणसाची एक कायम जागा. पीएच.डी.ची अट नको. बी.एस्सी. पुरे, हात स्वच्छ हवा, नोंद ठेवायची सवय हवी आणि सुट्टीत एकदा तरी येऊन जाईल असा माणूस हवा. प्रकल्पातून येणाऱ्या एखाद्या यंत्राच्या देखभालीचा करार जितक्या तत्परतेने नूतनीकरण होतो, तितकी तत्परता या जागेबाबत दाखवली तरी भागेल. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर नळ्या ठेवल्या की माणूस लागत नाही, असं मला एका तरुण प्राध्यापकांनी सांगितलं. एक तर सगळी शैवालं त्यातून जिवंत बाहेर येत नाहीत, तंतुमय जातींत तर फारच त्रास. दुसरं, तो नायट्रोजन उडून जातो, टाकी भरायला माणूसच लागतो.

जोवर जागा होत नाही तोवर निदान प्रकल्पाच्या अटींत एक वाक्य घालावं: वेगळ्या केलेल्या शैवालांची एक प्रत मान्यताप्राप्त संग्रहात जमा केल्याशिवाय अंतिम अहवाल स्वीकारला जाणार नाही. दिल्लीत भारतीय कृषी संशोधन संस्थेत नीलहरित शैवालांचा संग्रह आहे. आणि आपल्याच पाषाणमध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह १९५१ पासून चालू आहे. सूक्ष्मजीव जपायला कायम माणसं लागतात हे विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना बघायचं असेल तर औंधवरून पाषाण काही लांब नाही.

माझी पुतणी त्या जाहिरातीतल्या एका जागेला अर्ज करते आहे. तिने विचारलं, “काकू, पगार ठीक आहे, पण पुढे काय?” पुढचं मला माहीत नाही, कुणालाच नसतं. मी तिला म्हटलं, मुलाखतीत शेवटी ‘तुमचे काही प्रश्न आहेत का’ असं विचारतात, तेव्हा गप्प बसू नकोस. विचार की तीन वर्षांपूर्वीच्या प्रकल्पातल्या नळ्या आज कुठे आहेत आणि कोण बघतं. ती म्हणाली, असं विचारलं तर घेणार नाहीत. मला वाटतं चांगली प्रयोगशाळा असेल तर याच प्रश्नावर घेतील, आणि रॅक दाखवायला उठतील.

विद्यापीठातल्या कुणाला यावर उत्तर द्यायचं असेल तर कृपया याच स्तंभात द्यावं. फोनवर फक्त ‘बघू’ म्हणतात.

कळावे,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, सहकारनगर, पुणे
(पूर्ण नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळा जोडला आहे. छापू नये.)