थँक्यू स्लाइडवर राहून गेलेलं नाव

ताई,

ऑफिसात सगळे तुम्हाला नुसत्या नावाने हाक मारायचे, मलाही पहिल्याच दिवशी सांगितलेलं की इथे सर-मॅडम चालत नाही, पण माझ्या तोंडातून तुमच्यासाठी ताईच यायचं आणि तुम्ही एकदाही टोकलं नाहीत, म्हणून इथेही ताईच. नाव टाकत नाहीये, तुम्हाला न विचारता टाकणं बरं नाही, आणि पुढच्या तीन ओळी वाचल्या की तुम्हाला कळेलच कोणासाठी आहे ते.

काय केलं: इंटर्नशिपच्या शेवटच्या दिवशी डेमो दिला, शेवटच्या स्लाइडवर आभार मानले.
काय व्हायला हवं होतं: पाच नावं.
काय झालं: चारच. मॅनेजर, मेंटॉर, एचआर आणि माझ्यासोबतचा इंटर्न.

कारण शोधलं तर अगदीच लाजिरवाणं निघालं. स्लाइड करताना मी प्रोजेक्टच्या डॉक्युमेंटमधून नावं उचलली आणि त्या डॉक्युमेंटमध्ये तुमच्यासारख्या टेस्टिंगवाल्यांसाठी कॉलमच नव्हता. तुम्ही मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होतात. मला हे लॅपटॉप आणि आयकार्ड जमा करून बाहेर पडल्यावर आठवलं, तोपर्यंत चॅटचा ऍक्सेसही गेला होता आणि पर्सनल नंबर कधी मागितलाच नव्हता. म्हणून हे जाहीर पत्र.

आठ आठवड्यांची इंटर्नशिप, त्यातला पहिला आठवडा तर नुसता ऍक्सेस मिळवण्यात गेला. लॅपटॉप मिळाला तर व्हीपीएन नाही, व्हीपीएन आलं तर रेपोची, म्हणजे जिथे सगळा कोड ठेवतात त्या जागेची, परमिशन नाही, परमिशनसाठी तिकीट टाका, तिकिटाला मॅनेजरचं अप्रूव्हल, मॅनेजर मीटिंगमध्ये. एवढ्या मोठ्या कंपनीत आपण आलोय हे कोणाला माहीत तरी आहे का असं वाटायला लागलं होतं. मेंटॉर स्वभावाने चांगला होता, खोटं कशाला बोलू, पण त्याचं रिलीज तोंडावर आलेलं. अडलं की पिंग कर म्हणायचा, आणि मी पिंग केलं की त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका लाल व्हायचा.

दुसऱ्या आठवड्यात मी टीमच्या ग्रुपवर लिहिलं, "हाय, माझ्याकडे चालत नाहीये." बस्स एवढंच. दोन तास कोणाचा रिप्लाय नाही. रडू यायचं बाकी होतं. मग तुम्ही खुर्ची सरकवत आलात आणि एकदम सिरियस चेहऱ्याने विचारलंत, "काय चालत नाहीये? पंखा?" आणि माझ्याच नोटपॅडमध्ये तीन ओळी टाइप केल्यात. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. म्हणालात, बग रिपोर्ट असाच लिहितात आणि मदतही अशीच मागायची, नाहीतर समोरच्याला आधी तुला काय विचारायचंय ते शोधावं लागतं आणि तेवढा वेळ इथे कोणाकडेच नसतो. मी लिहायला बसले आणि पहिलीच ओळ लिहिताना, म्हणजे नेमकं काय केलं हे पायरी पायरीने लिहिताना, दिसलं की मी जुन्याच ब्रँचवर, म्हणजे कोडच्या जुन्या प्रतीवर, बसलेय! मेसेज पाठवायची वेळच आली नाही. पुढचे सहा आठवडे माझे निम्मे प्रश्न असेच लिहिता लिहिता सुटले आणि उरलेल्यांना लोक खरंच उत्तरं द्यायला लागले, मेंटॉरसुद्धा, मीटिंगमधून.

आता ते ३१ जानेवारीचं. हे मी कॉलेजमध्ये इतक्यांना सांगितलंय की लोक मला बघून पळतात, तरी सांगणार.

माझं काम तसं छोटं होतं, कंपनी जी सॉफ्टवेअरची लायसन्स घेते त्यांची पुढची रिन्युअलची तारीख काढायची आणि आधी रिमाइंडर पाठवायचा. दर महिन्याचं रिन्युअल असेल तर तारखेत एक महिना मिळवायचा, यात काय मोठंसं. मी १५ तारीख टाकून बघितली, पुढची १५ आली. १० टाकली, १० आली. झालं, टेस्टिंग संपलं. मेंटॉरने रिव्ह्यूत दोन मिनिटांत अप्रूव्ह केलं, मी हवेत. तुम्ही माझा कीबोर्ड ओढलात आणि ३१ जानेवारी टाकलीत. उत्तर आलं ३ मार्च. अख्खा फेब्रुवारी गायब! मी ज्या भाषेत कोड लिहीत होते त्या जावास्क्रिप्टला तुम्ही ३१ फेब्रुवारी द्या, ते एरर देत नाही, गपचूप २८ च्या पुढचे तीन दिवस मार्चमध्ये ढकलतं, लीप वर्ष असतं तर २ मार्च आलं असतं. (त्यात महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी म्हणजे ०, हे कोणाच्या डोक्यातून आलं देव जाणे.)

मी लगेच शहाणपणा केला, महिन्यात तेवढे दिवस नसतील तर महिन्याची शेवटची तारीख घ्यायची. ३१ जानेवारीचं २८ फेब्रुवारी झालं. मी परत हवेत. तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त नेक्स्टचं बटण अजून एकदा दाबलंत. २८ मार्च. अजून एकदा, २८ एप्रिल. "मूळची ३१ कुठे गेली?" एवढंच विचारलंत. मग मला कळलं की मी प्रत्येक वेळी मागच्या उत्तरात एक महिना मिळवत होते आणि एकदा फेब्रुवारीतून गेलं की ३१ कायमची विसरली जात होती. सुरुवातीची तारीख वेगळी जपून ठेवायची आणि दर वेळी तिथूनच मोजायचं, फिक्स फक्त चार ओळींचा, पण तो दुपारभर समोर बसून माझा मलाच सापडू दिलात. तुम्ही पाच मिनिटांत सांगू शकला असतात आणि तुमची स्वतःची टेस्टिंगची रांग तुंबलेली होती हे मला नंतर कळलं.

त्याच दिवशी तुम्ही मला एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० टाइप करायला लावलंत. ते मुकाट्याने घेतं! १९०० हे लीप वर्ष नव्हतंच, कारण शंभराने भाग जातो पण चारशेने जात नाही. एक्सेलच्या आधीच्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमध्ये ती चूक होती आणि त्याच्या फायली एक्सेलमध्ये नीट चालाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती मुद्दाम तशीच ठेवली, आजपर्यंत. मी हसले तर तुम्ही म्हणालात हस, पण तुझाही कोड कोणीतरी असाच सांभाळत बसेल.

खरं सांगायचं तर मधे एक आठवडा मला तुमचा प्रचंड राग आला होता. माझ्या नावावर अकरा बग. सोबतच्या इंटर्नच्या नावावर दोन. रोज सकाळच्या स्टँडअप मीटिंगमध्ये बोर्डवर ती रांग दिसायची आणि मला वाटायचं ही बाई मुद्दाम माझ्याच मागे लागलीय. हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं की माझ्या चेहऱ्यावरच दिसत होतं माहीत नाही, पण एका संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या लॅपटॉपवरची एक साधी टेक्स्ट फाइल उघडून दाखवलीत, नाव होतं 'सुटलेले'. तुमच्या हातून सुटून थेट युजरपर्यंत गेलेले बग, तारखेसकट, प्रत्येकापुढे एक ओळ की मी तेव्हा काय तपासलं नव्हतं. किती वर्षांची फाइल होती ती, स्क्रोल करता करता माझं बोट दुखलं. त्यातल्या एका ओळीत लिहिलेलं, "नाव रिकामं सोडून बघितलं, पण नुसती स्पेस देऊन बघितलं नाही." मला त्यावर काय बोलायचं तेच सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी फाइल सुरू केली, पहिली नोंद अर्थात ३१ जानेवारी. सोबतच्या इंटर्नचे बग दोनच का, तर त्याचा कोड तोवर टेस्टिंगला आलाच नव्हता, हेही मला त्याच संध्याकाळी कळलं, तेव्हा माफ करा.

बाकी ऑफर वगैरेचं अजून काही कळलेलं नाही, कळेल तेव्हा कळेल. लोक विचारतात मोठ्या कंपनीत काय शिकलीस, तर त्यांना नवीन फ्रेमवर्कचं नाव ऐकायचं असतं आणि मी त्यांना नोटपॅडमधल्या तीन ओळी सांगते, मग ते विषय बदलतात. असो.

एक कामाचं राहिलंय. तुम्ही शेवटच्या आदल्या दिवशी टाकलेला टाइमझोनचा बग माझ्या नावावरच उघडा आहे. दुसऱ्या देशातल्या ऑफिसला रिन्युअलची तारीख एक दिवस आधीची दिसत होती तो. कारण सापडलंय, मी नुसती वर्ष-महिना-दिवस अशी तारीख वाचतेय आणि जावास्क्रिप्ट ती यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र धरतं, मग जे यूटीसीच्या मागे आहेत त्यांच्या घड्याळात तेव्हा अजून आदला दिवसच चालू असतो. आपलं ऑफिस पुढे असल्यामुळे माझ्याकडे कधी दिसलंच नाही. फिक्स करायला वेळ पुरला नाही, पण त्यासाठी टेस्ट लिहून माझ्या ब्रँचवर पुश करून ठेवलीय, आता माझा ऍक्सेस नाही. ज्याच्याकडे ते तिकीट जाईल त्याला सांगा की बग फिक्स होईपर्यंत ती टेस्ट लाल, म्हणजे नापास, दिसेल आणि लालच दिसायला हवी, वैतागून डिलीट करू नकोस म्हणावं.

तुमची,
अकरा बगवाली इंटर्न