घरच्या सर्व्हरवर रात्री अकराला कंटेनर बंद करताय? आधी तो नीट थांबतो का बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत घरच्या सर्व्हरवरचे कंटेनर (म्हणजे डॉकर या सॉफ्टवेअरने एकमेकांपासून वेगळे ठेवून चालवलेले प्रोग्रॅम) ठरलेल्या वेळी आपोआप चालू-बंद कसे करायचे यावर लेख आला, वाचून खरंच बरं वाटलं, कारण मराठी पेपरात या विषयावर कोणी फारसं लिहीत नाही. क्रॉन्टॅबच्या, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीतल्या, दोन ओळी, रात्री अकराला डॉकर स्टॉप आणि सकाळी सातला डॉकर स्टार्ट, इतकं सोपं करून सांगितलंय की वाचणारा त्याच दिवशी करून बघेल. माझी काळजी नेमकी तिथेच आहे. चालू कसं करायचं हे सगळेच सांगतात, बंद करताना आत काय होतं ते कोणी सांगत नाही, आणि एकदा वेळापत्रक लावलं की हे बंद करणं रोज रात्री होणारे, कोणी बघत नसताना.

डॉकर स्टॉप दिलं की कंटेनरमधल्या मुख्य प्रोसेसला, म्हणजे जिचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) १ असतो तिला, आधी सहसा सिगटर्म, म्हणजे आवरून बंद हो असा सिग्नल, जातो. मग डॉकर १० सेकंद वाट बघतो. तेवढ्यात ती प्रोसेस सगळं आवरून बंद झाली तर उत्तम, नाही झाली तर सिगकिल, म्हणजे सक्तीने मारणारा सिग्नल, आणि सिगकिल कुठल्याच प्रोग्रॅमला अडवता येत नाही, हातातलं काम जिथे असेल तिथे तुटतं. आता बऱ्याच इमेजमध्ये (कंटेनर ज्या साच्यातून बनतो त्यात) गोची अशी असते की सुरुवातीची कमांड शेल स्क्रिप्टमधून चालते, मग पीआयडी १ होतं ते शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, आणि ते शेल आलेला सिग्नल आतल्या खऱ्या प्रोग्रॅमपर्यंत पोचवतच नाही. बिचाऱ्या प्रोग्रॅमला कळतही नाही की आवरायला सांगितलंय, दहा सेकंद तो आपलं काम करत राहतो आणि मग एकदम संपतो.

हे तपासायला काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. हाताने डॉकर स्टॉप द्या आणि घड्याळाकडे बघत बसा. एक-दोन सेकंदांत प्रॉम्प्ट परत आला तर कंटेनर ऐकतोय. बरोबर दहा सेकंद गप्प राहून मग आला तर समजा त्याला मारून टाकलंय. नंतर डॉकर पीएस डॅश ए करून बघा, एक्झिटेडच्या पुढे कंसात १३७ असेल, १२८ मध्ये सिगकिलचा ९ मिळवला की १३७ होतात. तिथे शून्य किंवा १४३ असेल तर निवांत राहा, १४३ मध्ये सिगटर्मचा १५ असतो. मेमरी संपून कर्नलने कंटेनर मारला तरी १३७च येतो, म्हणून फक्त आकडा बघू नका, ते दहा सेकंदही मोजा. शेलवाल्या स्क्रिप्टमध्ये शेवटची कमांड एक्झेक लावून चालवली की शेलच्या जागी खरा प्रोग्रॅम येतो आणि सिग्नल त्यालाच मिळतो. प्रोग्रॅम स्वतःच पीआयडी १ आहे पण सिगटर्मकडे लक्षच देत नाही असं असेल तर कंपोज फाइलमध्ये (जिच्यात एका प्रोजेक्टचे सगळे कंटेनर लिहिलेले असतात) इनिट ट्रू करून, म्हणजे सिग्नल पुढे पोचवणारा छोटा प्रोग्रॅम पीआयडी १ करून, बहुतेक वेळा भागतं. आणि काही प्रोग्रॅम ऐकतात सगळं पण त्यांना खरोखरच जास्त वेळ लागतो, भरपूर डेटा असलेला पोस्टग्रेस डेटाबेस, तोही संथ हार्ड डिस्कवर, असेल तर दहा सेकंद कमी पडू शकतात. त्यासाठी कंपोजमध्ये स्टॉप ग्रेस पिरियड आहे, तो खुशाल दोन मिनिटं ठेवा, ती जास्तीत जास्त मुदत असते, काम पाच सेकंदांत झालं तर पाच सेकंदांतच बंद होतं.

पोस्टग्रेस असा मारला तरी लगेच डेटा जात नाही हेही सांगायला हवं, पुढच्या वेळी चालू होताना तो आपल्या लॉगवरून सावरतो. पण सगळे प्रोग्रॅम असे नसतात. माइनक्राफ्टचा सर्व्हर घ्या, तो जग अधूनमधून डिस्कवर लिहितो आणि नीट बंद करताना शेवटचं लिहितो, मधेच मारला तर शेवटच्या सेव्हनंतर मुलांनी बांधलेलं सगळं गेलं.

क्रमाचंही बघावं लागतं. लेखात प्रत्येक कंटेनरसाठी क्रॉनची वेगळी ओळ दाखवलीय, आधी डेटाबेस, मग अॅप. हे उलटं पाहिजे, अॅप आधी थांबलं पाहिजे, नाहीतर ते बंद डेटाबेसला हाका मारत एरर ओकत बसतं. कंपोज फाइलमध्ये डिपेंड्स ऑन (कोण कोणावर अवलंबून आहे ते) लिहिलेलं असेल तर डॉकर कंपोज स्टॉप हा क्रम आपोआप उलटा लावतो, सुटं डॉकर स्टॉप दिलं तर त्याला या नात्याचा पत्ताच नसतो. म्हणून वेळापत्रकात सुटे कंटेनर नका घालू, अख्खा प्रोजेक्ट कंपोजनेच थांबवा आणि कंपोजनेच चालू करा. आणि स्टॉपच द्या, डाउन नको, डाउन कंटेनर आणि नेटवर्क पुसून टाकतो, रोज रात्री ते करायची काही गरज नाही.

आता वीज गेली किंवा सर्व्हर रीस्टार्ट झाला तर काय, याबद्दल लेखात एक ओळही नाही, आणि माझ्या मते लोक सगळ्यात जास्त इथेच अडकणार. रीस्टार्ट पॉलिसी, म्हणजे कंटेनर आपोआप परत कधी उठवायचा याचं सेटिंग, ऑलवेज असेल तर तुम्ही अकराला थांबवलेला कंटेनर रात्री दोनला मशीन रीस्टार्ट झालं की परत उठतो आणि सकाळपर्यंत चालत राहतो. अनलेस स्टॉप्ड ठेवली तर तो बंदच राहतो, हे बरोबर आहे, पण समजा सकाळी सातलाच वीज नव्हती, तर क्रॉनची ती वेळ हुकली, क्रॉन हुकलेलं काम नंतर करत नाही, आणि कंटेनर दिवसभर बंद. यावर क्रॉनऐवजी लिनक्सच्याच सिस्टमडी टायमरमध्ये पर्सिस्टंट ट्रू लावा असं सुचवतात, मशीन उठलं की हुकलेलं काम तो लगेच करतो. चांगलं आहे, पण मशीन रात्री दहापासून सकाळी आठपर्यंत बंद राहिलं तर अकराचं बंद करणं आणि सातचं चालू करणं दोन्ही हुकलेली, दोन्ही एकदमच सुटणार आणि आधी कुठलं होईल याची खात्री नाही.

म्हणून मला वाटतं "अकराला बंद कर, सातला चालू कर" असा विचारच सोडून द्यावा. एकच छोटी स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी चालवा, ती घड्याळ बघेल, आत्ता हा प्रोजेक्ट चालू असायला हवा की बंद ते ठरवेल आणि तसं करेल. आधीच चालू असलेल्याला चालू करायला सांगितलं किंवा बंद असलेल्याला बंद, तर डॉकर काहीच करत नाही, त्यामुळे कितीही वेळा चालवा. वीज कधीही जावो कधीही येवो, पाच मिनिटांत सगळं जागेवर. त्यातच एक सोय ठेवा, ठरवलेल्या नावाची रिकामी फाइल दिसली की स्क्रिप्टने कशालाच हात लावायचा नाही. घरात कोणी जेलीफिनवर सिनेमा बघत बसलं असेल तर अकराच्या ठोक्याला तो तुटता कामा नये, सर्व्हर घरच्यांसाठी आहे, घरचे सर्व्हरसाठी नाहीत. आणि क्रॉनमधून चालवणार असाल तर डॉकरचा पूर्ण पाथ लिहा, क्रॉनला कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी फार तुटपुंजी मिळते, हाताने चालणारी स्क्रिप्ट तिथे कमांड नॉट फाउंड म्हणून गप्प पडते.

रात्रीची वेळ निवडतानाही एक बघा. बरेच प्रोग्रॅम आपली जड कामं मुद्दाम रात्रीच करतात. नेक्स्टक्लाउडमध्ये (घरच्या सर्व्हरवर फाइली ठेवायचं सॉफ्टवेअर) मेंटेनन्स विंडो स्टार्ट नावाचं सेटिंग आहे, तिथे १ लिहिलं की जड कामं पहाटे १ ते ५ मध्ये होतात, आणि ही वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपल्या भिंतीवरच्या घड्याळाची नाही. रोज नेमका त्याच वेळात कंटेनर बंद असेल तर त्या कामांना रात्रीची शांत वेळ मिळतच नाही, आणि वरून सगळं ठीकच दिसतं. बॅकअपचंही तसंच.

विजेच्या बचतीबद्दल लेखात जो उत्साह आहे तो मला पटला नाही. हिशोब सोपा आहे, वर्षभर चोवीस तास १ वॉट म्हणजे ८.७६ युनिट. नुसता बसलेला कंटेनर सीपीयू जवळजवळ वापरतच नाही, वीज खातात मदरबोर्ड, पॉवर सप्लाय आणि फिरणाऱ्या डिस्क, आणि मशीन तर चालूच राहतं. खरा फायदा रॅमचा आहे, फोटोंतले चेहरे ओळखणारा कंटेनर थांबला की भरपूर मेमरी मोकळी होते. दुसरा फायदा म्हणजे सारखं डिस्कला टोचणारे प्रोग्रॅम थांबले की हार्ड डिस्कला झोपता येतं, थोडीफार वीज वाचते ती इथेच.

शेवटी लेखात सुचवलेल्या शेड्युलर कंटेनरबद्दल. ओफेलियासारखी टूल्स चांगली आहेत, पण दुसऱ्या कंटेनरना चालू-बंद करायला त्यांना डॉकरचं सॉकेट (डॉकरला हुकूम द्यायची वाट) द्यावं लागतं, आणि ज्याच्या हातात ते सॉकेट त्याच्या हातात अख्ख्या मशीनचं रूट, म्हणजे सगळे अधिकार. सॉकेट रीड ओन्ली जोडल्याने काही फरक पडत नाही, त्याने फक्त ती फाइल बदलता येत नाही, डॉकरला हुकूम सोडता येतातच. घरच्या एका मशीनसाठी होस्टवरचा, म्हणजे थेट मशीनवरचा, क्रॉन किंवा सिस्टमडी पुरेसा आहे, नवीन दार कशाला उघडायचं. आणि पाय-होलसारखा घराचा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) सांभाळणारा कंटेनर या वेळापत्रकात कधीच घालू नका, तो थांबला की घरातल्या सगळ्यांचं इंटरनेट गेल्यासारखं होतं.

या विषयावर पुढचा लेख येणार असेल, आणि तो यावाच, तर त्यात कंपोज फाइलचा नमुना छापताना स्टॉप ग्रेस पिरियड, रीस्टार्ट पॉलिसी आणि हेल्थचेक (कंटेनर ठीक चालतोय का ते तपासणारी) या तीन ओळी गाळू नका एवढी विनंती. जागा कमी पडत असेल तर इन्स्टॉलचा भाग कापा, तो सगळीकडे मिळतो.

आपला,
एक नियमित वाचक