लसीचं वेळापत्रक पाड्यावर बसून लिहा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर २०२१मध्ये पंतप्रधानांनी कोविडच्या लसीकरणात मागे पडलेल्या जिल्ह्यांची बैठक घेतली, त्यात आमचा नंदुरबार होता. जिथे पहिला डोससुद्धा निम्म्या लोकांना मिळालेला नव्हता, अशा जिल्ह्यांची ती बैठक. तेव्हापासून एकच कारण कानावर येत राहिलं : आदिवासी लस घ्यायला तयार नाहीत. मी धडगाव तालुक्यात शिक्षिका आहे. साथीत आम्हा शिक्षकांना घरोघरच्या सर्वेक्षणाला लावलं होतं, पुढे लसीकरणाच्या पथकांबरोबरही मी पाडे फिरले. लोक घाबरलेले होते, हे खरं आहे. पण भीती ही सगळ्यात शेवटची अडचण होती. तिच्या आधीच्या साऱ्या अडचणी नियमांतच लिहिलेल्या होत्या. पुढच्या साथीत तेच नियम पुन्हा बाहेर निघतील, ही मला धास्ती आहे, म्हणून हे पत्र.

सुरुवात सिकलसेलपासून करते, कारण रक्ताचा हा आनुवंशिक आजार सातपुड्यात घरोघरीचा आहे. १ मार्च २०२१ला साठीच्या पुढच्यांना आणि पंचेचाळीसच्या पुढच्या आजारी माणसांना लस सुरू झाली. आजारांच्या त्या यादीत सिकलसेल होता. वाचून मला बरं वाटलं होतं. मग वयाची अट पाहिली. सिकलसेलनं अंथरुणाला खिळणारी आमच्याकडची माणसं पंधरा, वीस, तीस वर्षांची असतात. हाडं दुखून रात्र रात्र तळमळतात, वारंवार रक्त चढवावं लागतं. पंचेचाळिशी ओलांडलेला सिकलसेलचा रुग्ण किती घरांत सापडेल? आणि सापडलाच, तरी नोंदणीकृत डॉक्टरच्या सहीचा दाखला हवा होता. ज्या पाड्यावरून दवाखान्यात न्यायचं तर माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत उतरवतात, तिथल्या आजाऱ्यानं दाखला आणायचा कुठून? सिकलसेलच्या नोंदी तर आपल्याच खात्याकडे होत्या. त्या नोंदी काढून, वय न पाहता, या मुलांना पहिल्या महिन्यात लस देता आली असती. ती यादी दिल्लीत ठरली, हे मला माहीत आहे. पण सातपुडा महाराष्ट्रात आहे आणि दिल्लीला तो दाखवणं हे महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याचं काम होतं.

मग १ मे आला. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला लस खुली झाली, पण आधी कोविन पोर्टलवर ऑनलाइन नोंदणी. घरात एक मोबाइल, तोही कामाला गेलेल्या माणसाच्या खिशात. रेंजसाठी टेकडीवर चढायचं आणि ओटीपी येईपर्यंत स्लॉट संपलेला. शहरात लस मिळेना म्हणून गाडी करून ग्रामीण केंद्रांवर येणारे लोक त्या महिन्यात राज्यभर दिसत होते. ३१ मे २०२१ला सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं, की केवळ पोर्टलच्या भरवशावर या वयोगटाचं सार्वत्रिक लसीकरण होणार नाही. तोवर केंद्रावर येऊन नोंदणी करायची मुभा मिळाली होती आणि २१ जूनपासून लस सगळ्यांना मोफत झाली. पण साथीतले दोन महिने काही थोडे नसतात. पोर्टल पुढे मराठीतही आलं. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या म्हातारीला त्याचा काय उपयोग होता, हे आपणच सांगा.

कुपीबद्दलही लिहायला हवं, कारण ही गोष्ट मंत्रालयापर्यंत पोचत नसावी. कोविशील्डच्या एका कुपीत दहा डोस. एकदा उघडली की चार तासांत संपवायची. वाया गेली की खुलासा द्यायचा. पाड्यावर सहा माणसं जमली की सिस्टर दहा होण्याची वाट बघत बसायच्या. सातवा यायच्या आत पहिला रानात निघून जायचा. बर्फाचे पॅक वितळायच्या आत पथकाला परतायचं असायचं, तेव्हा कुपी न उघडताच डबा परत. त्या सिस्टरना मी दोष देत नाही. आशाताई तर ज्या घरी पाणीही मिळालं नाही, तिथेही पुन्हा पुन्हा गेल्या. डोंगरात चार डोस वाया गेले तरी चालतील, एवढं एक वाक्य लेखी मिळालं असतं, तर ती सहा माणसं परत गेली नसती.

आता स्थलांतर. दिवाळी झाली की आमच्याकडच्या टोळ्या निघतात. कुणी ऊसतोडीला, कुणी सुरतेकडे, कुणी सौराष्ट्रात. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, थांबता येत नाही. ही माणसं परत येतात होळीला, होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराला. हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. ‘हर घर दस्तक’ मोहीम सुरू झाली ३ नोव्हेंबर २०२१ला, आणि लक्ष्मीपूजन होतं ४ तारखेला. म्हणजे दारावर थाप पडायला लागली, तेव्हा टोळ्या बोचकी बांधत होत्या. आम्ही पुढच्या आठवड्यांत कुलपं मोजत फिरलो. त्यात कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर मे २०२१पासून बारा ते सोळा आठवडे झालेलं. पहिला डोस इथे घेतला, तर दुसऱ्याच्या वेळी माणूस उसाच्या फडात. दुसरा डोस कुठल्याही राज्यात घेता येत होता, पण फडातल्या मजुराला ते सांगणार कोण, आणि एका दिवसाची तोड सोडून त्याला केंद्रावर पाठवणार कोण? अहवालात मात्र त्याच्या नावापुढे ‘दुसरा डोस थकीत’.

आणि आता भीती. लस घेतली की मूल होत नाही, माणूस वर्षभरात मरतो, असल्या गोष्टी मीही ऐकल्या आणि उत्तरं देऊन थकले. पण खोलात गेलं की वेगळंच निघायचं. लसीनंतर दोन दिवस ताप येतो, म्हणजे दोन दिवसांची मजुरी जाते. ती भरून देण्याची तरतूद कुठेच नव्हती. जिथे गावच्या पुजाऱ्यानं आणि पोलीस पाटलानं सगळ्यांसमोर आधी स्वतः लस घेतली आणि पावरीत चार शब्द सांगितले, तिथे रांग लागली. जिथे ‘लस नाही तर रेशन नाही’ असा दम दिला गेला, तिथे लोक रानात पळाले आणि पुढे पोरांच्या गोवराच्या लसीलाही कचरले. ती भीती अजून गेलेली नाही.

औषधांची कथा लसीहून कठीण. एप्रिल २०२१मध्ये जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये लोक रेमडेसिव्हिरसाठी औषध दुकानांपुढे रात्री काढत होते. त्याआधी पाच महिने, नोव्हेंबर २०२०मध्येच, जागतिक आरोग्य संघटनेनं रुग्णालयातल्या रुग्णांना ते देऊ नये असा सल्ला दिला होता. ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू खरोखर कमी करणारं डेक्सामेथासोन काही रुपयांत मिळत होतं. हे लोकांना कुणी मराठीत, अहिराणीत मोठ्यानं सांगितलं नाही. लोकांनी जमीन गहाण टाकली, बैलजोडी विकली. टोसिलिझुमॅब या औषधाची एक कुपी चाळीस हजारांच्या घरात, मे महिन्यात आलेलं अँटिबॉडी कॉकटेल एका रुग्णाला ५९,७५० रुपये. ऊसतोडीच्या उचलीएवढी ही रक्कम. ज्याला परवडलं त्याला मिळालं.

याच काळात याच जिल्ह्यानं चांगलं कामही करून दाखवलं. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिल्या लाटेपासूनच ऑक्सिजन निर्मितीचे प्रकल्प उभे केले, आणि दुसऱ्या लाटेत मोठी शहरं ऑक्सिजनसाठी धावत असताना नंदुरबार तग धरून राहिला. साक्री तालुक्यातल्या भिल्ल घरातला हा माणूस. त्याला डोंगर कळत होता, म्हणून त्यानं वेळेआधी विचार केला, असं मला वाटतं.

एप्रिल २०२२मध्ये साठीच्या आतल्या सगळ्या प्रौढांना तिसरा डोस खुला झाला, तोही फक्त खासगी केंद्रांत : २२५ रुपये आणि वर दीडशेपर्यंत सेवाशुल्क. त्यासाठी डोंगर उतरून कोण गेलं असेल? जुलैपासून पंचाहत्तर दिवस तो मोफत झाला, तोवर साऱ्यांचं लक्ष उडालं होतं.

महोदय, आमच्याच जिल्ह्यातला अक्कलकुवा हा राज्याचा एक क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ, आणि नर्मदाकाठचं मणिबेली त्यातलं पहिलं मतदान केंद्र. निवडणूक आली की यंत्र आणि कर्मचारी बोटीनं तिथे जातात, एका मताचीही वाट बघतात, आणि संध्याकाळपर्यंत थांबतात. तिथे यंत्र वाया जाईल का, असं कुणी विचारत नाही. लसीसाठी मी याहून जास्त काही मागत नाही.

ऑक्टोबर २०२०मध्ये भारतानं दक्षिण आफ्रिकेबरोबर जागतिक व्यापार संघटनेकडे मागणी केली, की साथ असेपर्यंत लस आणि औषधांवरचे पेटंटचे हक्क बाजूला ठेवा. जून २०२२मध्ये निर्णय झाला, तो फक्त लसींपुरता. औषधं बाहेरच राहिली. श्रीमंत देशांकडे आपण जो न्याय मागितला, तो योग्यच होता. तोच मला धुळ्याहून धडगावपर्यंत हवा आहे. जगाला लस पुरवणारी कंपनी पुण्यात आहे, आणि त्याच राज्यातला हा जिल्हा निम्म्यावर अडकला होता.

आपण नंदुरबार, धुळे आणि जळगावचे चोपडा, यावल, रावेर हे तालुके धरून सातपुड्यासाठी साथीचा वेगळा आराखडा आताच करावा. त्यात मोहिमेचे दिवस दिवाळीपूर्वी आणि होळीच्या आठवड्यात, भोंगऱ्याच्या बाजारातच असावेत. फडावर लस देण्याची जबाबदारी साखर कारखान्यावर लेखी असावी. सिकलसेलचे रुग्ण वयाच्या अटीशिवाय पहिल्या यादीत यावेत. डोंगरी भागात कुपी वाया जाण्याची मुभा आणि तापाच्या दोन दिवसांची मजुरी, दोन्ही शासननिर्णयात असावं. महागडी औषधं कुणाला आणि का द्यायची, हे ठरवणारी समिती जिल्हा रुग्णालयात असावी आणि तिचे निर्णय फलकावर लागावेत. आमचा भाग पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली येतो. हा आराखडा पाड्यापाड्याच्या ग्रामसभेत पावरी आणि भिलीत वाचून दाखवावा, लोक सुचवतील ते बदल करावेत, आणि हे सगळं टोळ्या निघायच्या आत, ऑक्टोबर संपण्यापूर्वी व्हावं. त्या ग्रामसभांना आपण स्वतः यावं, अशी विनंती आहे. भाषांतराला मी हजर राहीन.

आपली विश्वासू,
धडगाव तालुक्यातील एक शिक्षिका