किनाऱ्यावरच्या लग्नात पावसाचा निर्णय कोणी घ्यायचा?

मा. संपादक,

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या दापोली तालुक्यात किनाऱ्यावरच्या लग्नांची धावपळ सुरू होते. मुरुड, कर्दे, लाडघरला वाळूत मांडव घालून लग्न लावायला पुण्या-मुंबईची मंडळी हौसेने येतात. मी या लग्नांचे फोटो काढतो. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आता पाऊस नसतो ना?" नसतो, असं मी कुणालाच सांगत नाही. फयान वादळ कोकणाला तडाखा देऊन गेलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला. ओखी वादळाने पाऊस आणला तो डिसेंबर २०१७ मध्ये, आणि १ डिसेंबर २०२१ ला मुंबई-कोकणात अवकाळीने झोडपलं.

ढग आले की यजमानांचे चेहरे उतरतात. पण फोटोसाठी ढग चांगलेच. गोरज मुहूर्ताला सूर्य समुद्रावर खाली आलेला असतो. आंतरपाटाच्या एका बाजूच्या माणसाच्या डोळ्यांत थेट ऊन जातं आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर अंधार राहतो. ढगाळ हवेत दोघांचेही चेहरे सारखे उजळतात, शालूची जर चमकून पांढरी पडत नाही. रिमझिमही चालते. कॅमेऱ्याला रेनकव्हर घालतो, एसी खोलीतून तो आधीच बाहेर काढून ठेवतो, म्हणजे दमट हवेत लेन्सवर वाफ धरत नाही.

भरतीचं मात्र कुणी विचारतच नाही. ज्या पंचांगात मुहूर्त बघतात त्याच पंचांगातली तिथी भरतीची वेळ सांगते. आमच्याकडचे कोळी तिथीची पाऊणपट करतात आणि भरतीचा तास काढतात. अष्टमीला साधारण सहा, म्हणजे गोरज मुहूर्ताच्या वेळी पाणी वर आलेलं. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास, त्यामुळे संध्याकाळी ओहोटी आणि ओल्या वाळूत आकाशाचं सुंदर प्रतिबिंब. पण त्याच दिवशी दुपारी उधाणाचं पाणी आत येतं, नेमके मांडववाले खांब रोवत असतात तेव्हा. जागा ठरवताना गावातल्या एखाद्या कोळ्याला सोबत न्या, एवढंच मी प्रत्येक यजमानाला सांगतो.

हे पत्र लिहायला बसलो ते मात्र विजेमुळे. गेल्या हंगामात एका लग्नात मुहूर्ताआधी आभाळ गडगडू लागलं. मुलीकडचे म्हणाले मुलाकडच्यांना विचारा, मुलाकडचे म्हणाले व्यवस्थापकांना विचारा, व्यवस्थापक म्हणाले पाहुण्यांची इच्छा असेल तसं करू. पाहुणे केव्हाच रिसॉर्टच्या पडवीत गेले होते. उघड्या वाळूवर उरले ते लोखंडी स्टँड धरून उभा असलेला माझा मदतनीस, सनईवाले आणि खुर्च्या मांडणारी गावातली पोरं. लग्न हलवायचं की नाही याचा घोळ मिटेपर्यंत त्यांना कुणी आत या म्हटलं नाही. मी माझ्या माणसाला आणि त्या पोरांना हाक मारून आत घेतलं. त्यावरून मला बोल लावला गेला, तो मी ऐकून घेतला.

म्हणून माझं यजमानांना कळकळीचं सांगणं आहे. पावसाचा निर्णय कोण घेणार, ते एकच नाव साखरपुड्यातच ठरवा. मुहूर्ताच्या दोन तास आधी हवामान खात्याचा तीन तासांचा अंदाज बघून त्या माणसाने हो किंवा नाही सांगावं, मग त्यात बदल नको. पडवीत बोहल्यापुरती जागा सकाळीच फुलांनी सजवून ठेवा. पश्चिमेला उघडी पडवी असेल तर तिथेही समुद्र मागे घेऊन उत्तम फोटो येतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेलं 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतं, ते फोनवर असू द्या. गडगडाट कानावर आला की वाळूवरचा प्रत्येक माणूस छताखाली आला पाहिजे, मजुरीवर आलेला पोरगासुद्धा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणीही बाहेर जाता कामा नये. हे रिसॉर्टशी होणाऱ्या करारात लिहून घ्या.

आपल्या दैनिकात लग्नसराईची पुरवणी निघते. तिच्यात मुहूर्तांच्या शेजारी त्या त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळाही छापाव्यात, ही विनंती.

— एक लग्न-छायाचित्रकार, दापोली, जि. रत्नागिरी